पाचवी फाईल

इंदापूरच्या मंगल कार्यालयात दीडशे माणसांनी एकदम मोबाईल उघडले, आणि जगताप गुरुजींच्या पुस्तकात मराठीचं एकही अक्षर नव्हतं.

होती ती इंग्रजी मुळाक्षरं, मधेच डॉलरची खूण, उलटी टिंबं, तुटक्या काड्या. कोंबडीनं शाईत पाय बुडवून पळावं तसं. माझ्या पुढच्या माणसानं मोबाईल आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला, मग झटकून पाहिला. मागून कुणीतरी म्हणालं, "गुरुजींनी कानडीत लिवलंय का काय?" आणि हशा पिकला.

गुरुजी व्यासपीठावर हार घालून बसले होते. वय चौऱ्याऐंशी, नजर अधू. हसणं ऐकू आलं, कारण कळलं नाही. शेजारी पुतण्या प्रताप उभा होता, त्याला त्यांनी हळूच विचारलं, पण समोर माईक होता, त्यामुळे ते सगळ्या कार्यालयानं ऐकलं.

"प्रताप, का हसत्यात रं? माझं काय चुकलं का?"

प्रतापच्या तोंडचं पाणी पळालं. हशा थांबला. त्यापेक्षा हशा बरा होता.

माझ्या शेजारी शहाजी बसला होता. मांडीवर मिसळणाचा डबा. होय, तोच, स्वयंपाकघरातला, मोहरी-हळदीचा. तो पुस्तक-प्रकाशन समारंभाचा पेढा खात होता. पेढा संपवला, बोटं रुमालाला पुसली आणि म्हणाला, "फाईल पास, पुस्तक नापास."

हा शहाजी कोण आणि माणूस समारंभाला मिसळणाचा डबा घेऊन का येतो, ते आधी सांगते. गुरुजींना तेवढा वेळ तिथंच बसू द्या. त्यांनी या दिवसाची इतकी वर्षं वाट पाहिली आहे, अजून दहा मिनिटांनी काही बिघडत नाही.

मी मूळची लोणी भापकरची. आमची डाळिंबाची बाग आहे, ती आता मुलगा बघतो. सुनेचं आणि माझं पटत नाही म्हणून मी बारामतीत राहते. त्यात आम्हा दोघींनाही समाधान आहे. शहाजीचं घर माझ्या भिंतीला भिंत लावून. एका छापखान्यात त्याची जन्मभर नोकरी झाली. आधी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा, मग कॉम्प्युटरवर मजकूर लावायचा. छापखाना बंद पडला तसा त्यानं घरातच कॉम्प्युटर मांडला.

"आता काय करतोस?" मी विचारलं.

"काकू, मोबाईलात वाचायची पुस्तकं बांधतो."

मला वाटलं, छापखान्याबरोबर याचं डोकंही बंद पडलं.

पण तसं नव्हतं. पुस्तक लिहिणारे त्याच्याकडं मजकूर पाठवतात. तो त्याची फाईल करतो आणि ती चार दुकानांत पाठवतो. ही दुकानं मोबाईलातच असतात, दार ना शटर. आणि चारही दुकानांना एकच फाईल चालत नाही. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एवढं मात्र मला लगेच कळलं. आमची डाळिंबं बोटीनं परदेशी जायची तेव्हा एकेक फळ जाळीत घालून पुठ्ठ्याच्या पेटीत. पुण्याच्या बाजाराला क्रेटमधून. तडकलेली रस काढणाऱ्याला पोत्यातून. झाड एकच, फळ एकच. पेटीचा माल क्रेटमधून पाठवला तर व्यापारी फोनवर आई-बहीण काढतो.

"काकू, तुमी हे शाळेत शिकवायला पायजे," शहाजी म्हणाला. मी चौथी शिकले आहे, हे त्याला माहीत होतं.

त्या दुकानांना तो पावणे म्हणायचा. पहिल्या पावण्याला अनुक्रमणिका नसली की तो जेवायला बसत नाही. दुसऱ्याला मुखपृष्ठावर किंमत छापलेली चालत नाही, लगेच परत. तिसऱ्याला अक्षरं वाहती लागतात. म्हणजे पाटाच्या पाण्यासारखी, वाफा रुंद असो की अरुंद, त्यात बसणारी. चौथ्याला नेमकी उलटी, पान छापल्यासारखं जागच्या जागी हवं. सकाळी चहाच्या वेळी भिंतीपलीकडून आवाज यायचा. "दुसरं पावणं रुसलं! का रं बाबा? चित्र चार बोटं कमी? घे वाढवून, पोट फुटंस्तवर घे." चारही पावणे जेवले की तो कोपऱ्यावरून भेळभत्त्याची पुडी आणायचा. अर्धी माझी.

प्रत्येक पावण्याचा एक पेनड्राईव्ह. ते तो मिसळणाच्या डब्यात ठेवायचा, एका वाटीत एक. डबा धुतलेला होता, पण हळद कुठं जाते? सगळे पेनड्राईव्ह पिवळे. एकदा कॉम्प्युटर बिघडला तर दुरुस्तीवाल्यानं पेनड्राईव्ह लावायच्या भोकातून चिमट्यानं मोहरीचा दाणा काढला आणि विचारलं, "शहाजीराव, फोडणी देताय का काय?"

वाट्या पाच भरलेल्या असायच्या. पावणे चार. पाचवी फाईल कुणीच मागितलेली नसायची. तिच्यात अक्षरं केवढाली, पानावर मोजून आठ ओळी. ती मधल्या वाटीत. मी विचारलं, ही कुणाची? तर म्हणाला, "तुमची. वय झालं तुमचं, बारीक दिसत न्हाय." मी चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते. हे मी त्याला शंभरदा सांगितलं. तो ऐकायचाच नाही.

कारण पुस्तक पावण्यांकडं जायच्या आधी ते मला मोठ्यानं वाचायला लागायचं. पाचव्या फाईलमधून. मी टॅबलेट मांडीवर घेऊन वाचायची आणि हा माझ्याकडं पाठ करून, डोळे मिटून, हातात मूळ कागद घेऊन बसायचा. डोळे मिटून कागद कशाला, ते विचारू नका. मी अडखळले की बोट वर. "थांबा. काकू अडकल्या. फाईलीत खडा हाय." आणि तिथं खरंच काहीतरी मोडलेलं असायचं. कॉम्प्युटरमध्ये फाईल तपासायचं यंत्र आहे म्हणे, ते हिरवी खूण देतं. शहाजीचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. "यंत्र फाईल तपासतंय. पुस्तक कोण तपासणार? फाईल पास, पुस्तक नापास, असली किती बघितली."

एकदा पुण्याच्या एका कवीचं पुस्तक आलं. चौथ्याच ओळीला मी अडकले. शहाजीनं फाईल उलटीपालटी केली, खडा सापडेना. मग त्यानं कवीला फोन लावला. "साहेब, आमच्या काकू चौथ्या ओळीत अडकल्यात. फाईल चोख हाय. म्हंजे दोष कवितेतच हाय." कवीनं फोन आपटला. आठ दिवसांनी ओळ बदलून पाठवली.

आणि एकदा भिगवणच्या एका खानावळवालीचं माशांच्या रशांचं पुस्तक आलं. पदार्थ एकीकडं, माप दुसरीकडं, असे तक्ते. यंत्रानं हिरवी खूण दिली. शहाजी म्हणाला, "काकू, मोबाईलात बघून चिलापीचा रस्सा करा. आपली अक्कल चालवू नका. जे दिसंल ते टाका." मी तसंच केलं. मोबाईलच्या अरुंद पानात मापाची ओळ एक घर खाली घसरली होती, तेलाचं माप मिठापुढं आलं होतं. मी दिसलं तेवढं टाकलं. शहाजीनं पहिला घास घेतला, डोळ्यांत पाणी आलं, आणि तरी त्यानं ताट पुसून खाल्लं. तांब्याभर पाणी प्याला आणि बोलला, "नापास." मग आठ दिवस बसून त्यानं एकेक तक्ता मोडला आणि साध्या ओळींत लिहिला.

असा हा माणूस. त्याच्याकडं जगताप गुरुजींचं पुस्तक आलं.

गुरुजींचं गाव उजनी धरणाच्या पाण्यात गेलं. तेव्हा ते तिथल्या शाळेवर तरुण मास्तर होते. माणसं जिकडं जमीन मिळाली तिकडं पांगली. गुरुजींनी पुढं सगळं गाव आठवून लिहून काढलं. भाषणबाजी काही नाही. नदीच्या घाटापासून सुरू करून घरामागून घर. कोण राहत होतं, दारात कुठलं झाड, पोरं किती, त्यातलं शाळेत कोण यायचं. नाव ठेवलं 'गावाची हजेरी'. मी ते सगळं वाचलं. मला डोळे बांधून सोडलं तरी मी घाटापासून चावडीपर्यंत बरोबर जाईन. पाण्याखाली आहे एवढीच अडचण.

हे सगळं गुरुजींनी इंदापूरच्या एका टायपिंगच्या दुकानातून टाईप करून घेतलं होतं, कधीच्या काळच्या कॉम्प्युटरवर. तिथं गोम होती. शहाजीनं मला समजावलं, "काकू, जुन्या कॉम्प्युटरातली मराठी अक्षरं सोंगाडी असत्यात. आत इंग्रजी अक्षर, तोंडावर मराठी मुखवटा. ज्या कॉम्प्युटरात मुखवटा हाय तितं मराठी दिसतंय. दुसरीकडं गेलं की मुखवटा गळाला, आतला साहेब उघडा." म्हणून तो ते सगळं खऱ्या मराठीत बदलत होता. बदलणारं यंत्र असतं, पण ते नावं मोडतं. आणि त्या पुस्तकात नावांशिवाय होतं काय? शहाजी एकेक नाव हातानं तपासायचा. अडलं की गुरुजींना फोन. "गुरुजी, उंबराच्या दारातल्या म्हातारीचं नाव काय?" गुरुजी नाव सांगायचे आणि वर तिचा स्वभावही सांगायचे. त्यात चार महिने गेले.

चार महिन्यांनी प्रताप गाडी घेऊन आला. तो इंदापुरात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा धंदा करतो. गडी वाईट नाही, पण उभ्या उभ्या बोलतो.

"शहाजीराव, किती दिवस घोळ? कार्यालय ठरलं, पत्रिका वाटल्या. पुण्यातला एक जण दोन दिवसात देतोय. एकच फाईल, चारी दुकानात."

"एकच चप्पल चार पावण्यांच्या पायात?"

"मला चप्पल न्हाय, पुस्तक पायजे."

"प्रतापराव, त्यातली अक्षरं सोंगाडी हायती. जरा ऐका..."

"तुमचं हेच! गुरुजींना रोज फोन करून म्हातारीची नावं इचारताय. पुस्तक काढताय का सोयरीक जमवताय?"

आणि मूळ मजकुराचा पेनड्राईव्ह घेऊन गेला. शहाजी डब्याचं झाकण लावत राहिला. मी बोलले, पण गाडी सुरू झाली होती.

मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी सकाळी टॅबलेट घेऊन शहाजी माझ्या ओट्यावर हजर. "काकू, वाचा. लोहारआळी राहिलीय."

"अरे, काम गेलं ना तुझं?"

"काम गेलं. पुस्तक हाय की." मग म्हणाला, "डाक्टर गुरुजींना म्हणाला, दिसतंय तवर वाचून घ्या. त्यांना त्यांचं पुस्तक वाचायचंय. प्रतापला समारंभ करायचाय. दोन येगळी कामं हायती."

लोहारआळी वाचली, कुंभारवाडा वाचला, पुस्तक संपलं. पाच वाट्या भरल्या. समारंभाचं आमंत्रण आम्हाला गुरुजींनी स्वतः फोन करून दिलं. शहाजी डबा घेऊन निघाला. मी म्हणाले, लोक हसतील. तो म्हणाला, "हसू द्या. छत्री कुणी पाऊस आल्यावर शोधतंय का?"

तर आता कार्यालयात या. गुरुजी माईकपुढं बसलेत, माझं काय चुकलं विचारतायत. प्रताप कोपऱ्यात मोबाईल कानाला लावून उभा आहे. त्याची नजर आमच्यावर पडली आणि तो खुर्च्या ओलांडत आला.

मी म्हणाले, "पुण्याला फोन लाव की."

"लावला काकू. उचलत न्हाय."

"मग गाडी काढ आणि जा."

"काकू," शहाजी मला म्हणाला, "पुरं." आणि उठला.

व्यासपीठाच्या बाजूला एक लॅपटॉप होता, त्यावरून भिंतीच्या पडद्यावर गुरुजींचे फोटो दाखवत होते. शहाजीनं तिथं टेबलावर डबा ठेवला, झाकण काढलं. मधल्या वाटीतला पिवळा पेनड्राईव्ह उचलला, फुंकर मारली आणि लावला. सगळं कार्यालय बघत होतं. एक बाई म्हणाली, "अगं बया, मिसळणाचा डबा!"

पडदा पांढरा झाला. आणि मग त्यावर अक्षरं आली. आठ ओळी. एकेक अक्षर भाकरीएवढं. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला वाचता येईल असं, गुरुजींना तर येईलच असं.

गुरुजींनी मान वळवली. डोळे बारीक केले. मग उठले, खुर्ची फिरवली आणि लोकांकडं पाठ करून पडद्याकडं तोंड केलं, वर्गात फळ्याकडं करतात तसं. हार काढून टेबलावर ठेवला. माईक हातात घेतला.

"पहिलं घर. घाटावरचं. नामदेव भोई. दारात उंबर."

आणि थांबले. जन्मभराची सवय. नाव पुकारलं की मास्तर थांबतोच.

मग मागून एक म्हातारा आवाज आला.

"हजर, गुरुजी. मी त्यांची सून."

गुरुजींनी मागं वळून पाहिलंही नाही. मान हलवली. "दुसरं घर. दगडू भोई."

"हजर! नातू हाय मी. भिगवणला मासळीचा गाळा हाय आमचा."

"गाळ्याचं नंतर. तिसरं घर."

त्यानंतर जे सुरू झालं ते मी कधी पाहिलं नाही. ज्याचं घर आलं तो उठून उभा राहायचा. पांढऱ्या केसांची माणसं शाळेतल्या पोरांसारखी हात वर करायची. निरवांगीहून आलेली तीन भावंडं एकदम उभी राहिली. कुणाच्या घराचं कुणीच नसलं तर गुरुजी जरा जास्त थांबायचे, मग "पुढं" म्हणायचे. लोहारआळीतलं एक नाव पुकारलं तर दारातून घामाघूम माणूस आत शिरला, "हजर, हजर!"

"उशीर का?"

"गाडी चुकली गुरुजी."

"बस खाली. उद्या वेळेवर ये."

मग जो हशा झाला तो पहिल्यासारखा नव्हता. गुरुजी स्वतः हसत होते.

सव्वा तास गुरुजी वाचत होते. चष्मा पुसायलासुद्धा थांबले नाहीत. पान उलटायला शहाजी लॅपटॉपपाशी उभा होता. मी त्याच्याकडंच बघत होते. तो पडद्याकडं बघत नव्हता. पाठ करून, डोळे मिटून उभा. आठवी ओळ संपायला आली की बोट आपोआप दाबायचं. एकदाही चुकलं नाही.

शेवटचं घर झालं. गुरुजी म्हणाले, "हजेरी संपली." लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, ते थांबेचनात. प्रताप शहाजीपाशी आला. भर गर्दीत वाकला आणि त्याच्या पाया पडला.

"चुकलं, शहाजीराव."

"पाया काय पडता? चारी पावण्यांच्या फायली हितंच हायत. वाट्यातनं उचला."

त्या आठवड्यात तीन पावणे जेवले. चौथा मुखपृष्ठावरून रुसला, दोन दिवसांनी तोही बसला. आता ते पुस्तक जगात कुठंही, कुठल्याही मोबाईलवर उघडा, मराठीतच दिसतं. पुण्याच्या माणसानं शेवटपर्यंत फोन उचलला नाही.

ही सगळी फत्ते नंतरची. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही इंदापूर-बारामती एसटीत बसलो. शहाजीच्या मांडीवर डबा. मी सरळ माणूस आहे, सरळ विचारलं.

"शहाजी, त्या आठ ओळी माझ्यासाठी नाहीत. मी सुई ओवते. कुणासाठी आहेत?"

तो झाकणाची कडी वरखाली करत बसला. कंडक्टर आला, तिकिटं दिली, गेला.

"इमल छापखान्यात कागद वाचायची," तो म्हणाला. विमल त्याची बायको, मी शेजारी राहायला यायच्या आधीच गेलेली. "ती मोठ्यानं वाचायची, मी प्रुफं तपासायचो. बावीस वर्षं. नंतर साखरेनं तिची नजर गेली. पण वाचायचं सोडंना. मग मी अक्षर वाढवत गेलो. ईस ओळी, पंधरा, बारा. शेवटी आठच दिसायच्या. नववी घातली की म्हणायची, पुसाट झालं." कडी एकदा वर गेली, एकदा खाली आली. "आठच्या खाली यायची येळ आली न्हाय."

म्हणजे सात वर्षं हा माणूस माझ्याकडं पाठ करून, डोळे मिटून का बसत होता, ते मला एसटीत कळलं.

असल्या वेळी बोलायचं काय असतं, ते मला येत नाही.

दुसऱ्या दिवशी तो ओट्यावर आला, हातात टॅबलेट, नवं पुस्तक. उभ्यानंच म्हणाला, "काकू, तुमच्यापुरतं बारीक करू का आता? उगा पानं उलटायचा तरास."

"असू दे," मी म्हणाले. "बस पलीकडं तोंड करून."

इंदापुरात त्या दिवशी जे झालं ते दीडशे माणसांनी पाहिलं. गुरुजींनी पाहिलं, प्रतापनं पाहिलं, शहाजीनं डोळे मिटून पाहिलं आणि मी पाहिलं. पाहायची राहिली ती विमल. तिला जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती.